साठ वर्षांतले चौदा महिने

आबा आणि अक्का म्हणजे माझे आजोबा-आजी. त्यांच्या लग्नाला साठ वर्षं झाली, त्या दिवशी मी जर्मनीतल्या एका लहान गावात, स्वयंपाकघराच्या पडद्याला पाठ करून फोनसमोर बसले होते. भिंतीसमोर बसले नाही, कारण भिंतीवर फोटो काढून घेतल्याचे पांढरे चौकोन राहिले होते. फोटो नवऱ्याने नेले होते. डिसेंबरात तो वेगळा राहायला गेला आणि आता आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया होती; चार-पाच महिने झाले होते. घरात हे फक्त आईला माहीत होतं. तिने फोनवर एवढंच म्हटलं होतं, "कार्यक्रम होऊन जाऊ दे. मग सांगू सगळ्यांना."

कार्यक्रम आखाजीच्या दुसऱ्या दिवशी ठेवला होता. आमच्याकडे आखाजीला लेकी माहेरी येतात, त्यामुळे धुळ्याची आणि पाचोऱ्याची अशा दोन्ही आत्या आयत्याच गावात होत्या. गाव अमळनेरपासून बसने अर्ध्या तासावर. घरासमोरच मांडव घातला होता. तिथे सकाळचे साडेअकरा वाजले होते, माझ्याकडे आठ. मी वर नवा कुर्ता घातला होता, खाली रात्रीचाच पायजमा होता. कपाळाला टिकली लावली आणि ती नीट मधोमध आहे की नाही ते फोनच्याच कॅमेऱ्यात बघून घेतलं.

चुलतभावाने फोन मांडवाच्या खांबाला बांधला होता. मला सगळं थोडं तिरकं दिसत होतं. आत्यांच्या साड्या, पंख्याचं अर्धं पातं, मागे खापरावर मांडे करणाऱ्या बायका. कोणी कोणी येऊन फोनमध्ये डोकावून जायचं, हात हलवायचं. मीही हात हलवत होते. आनंद व्हायला हवा हे मला कळत होतं, पण कळून काही उपयोग होत नव्हता. दात काढताना इंजेक्शन देतात, तेव्हा डॉक्टर ओढतोय हे समजतं पण दुखत नाही, तशी मी बसले होते.

आबांना आणि अक्काला पाटांवर बसवलं. आबा त्र्याऐंशीचे, अक्का अठ्ठ्याहत्तरची. पूजा सांगणाऱ्या महाराजांनी अक्काला आबांच्या डाव्या हाताला बसवलं. दोनच मिनिटांत आबा गुडघ्यावर हात टेकून उठले.

"आबा, काय झालं?" महाराजांनी विचारलं.

"जागा बदलू द्या."

"पत्नी डावीकडेच बसते, आबा."

"तिना उजवा कान बंद शे, महाराज. ह्या बाजूनं तिले मनं काहीच ऐकू येणार नही."

मांडव हसला. महाराजही हसले. दोघांनी पाट बदलले आणि मग आबा तासभर अक्काच्या डाव्या कानाशी काहीतरी सांगत राहिले. कोण आलंय, कोणी काय आणलंय, असंच असणार. अक्का मधूनच मान हलवायची, मधूनच तोंडाला पदर लावून हसायची.

मग माझी पाळी आली. भावाने फोनजवळ माईक धरला. मी आदल्या दिवशी कागदावर लिहून ठेवलं होतं तेच वाचलं. तुमचा संसार आमच्यासाठी आदर्श आहे, तुमच्यासारखी साथ आम्हालाही लाभो. आवाज माझाच होता, कुठे अडखळलाही नाही. टाळ्या पडल्या. धुळ्याच्या आत्याने डोळे पुसले.

अक्का फोनजवळ आली. "जावाई कोठे शेतस? दिखी नही ऱ्हायनात."

"ड्यूटीवर आहेत, अक्का."

"आज रविवारी?"

"हो, ड्यूटी लागली. ड्यूटीवर आहेत."

"बरं," अक्का म्हणाली, आणि तिला कोणीतरी जेवायला घेऊन गेलं. फोन खांबाला तसाच राहिला. पंगत उठेपर्यंत मी पाहत बसले. आमरसाच्या वाट्या येत-जात होत्या. मग कोणीतरी फोन बंद केला.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत मी कारखान्याबाहेरच्या बाकावर बसले होते. तिथल्या प्रयोगशाळेत मी काम करते. आत्याच्या नंबरवरून व्हिडिओ कॉल आला, पण समोर अक्का होती. मागे घरातलं कोणी दिसत नव्हतं. तिने फोन डाव्या कानाला लावला होता, त्यामुळे मला फक्त तिचं कानातलं आणि पांढरे केस दिसत होते.

"एकली शे का?"

"हो."

"जावाईचं अन् तुनं काय व्हयनं?"

"तुला कोणी सांगितलं?"

"कोनी नही. ड्यूटीवर शेतस म्हणीसन काल तू दोनदा सांगं. एकदाच सांगं अस्तं त मी मानी लिधं अस्तं."

मी सांगितलं. त्याला माझ्यासोबत राहायचं नाही, दुसरं कोणी आहे, डिसेंबरातच गेला. सांगायला दोन मिनिटंही लागली नाहीत. अक्का रडेल असं मला वाटलं होतं. ती रडली नाही.

ती म्हणाली, "मीबी एकदा निघी गयी व्हती."

हे मला ठाऊक नव्हतं. आईलाही ठाऊक नव्हतं, हे नंतर कळलं. अक्काने सांगितलं ते असं: लग्नानंतर दुसऱ्या वर्षी तिला मुलगी झाली होती. मुलगी पाच महिन्यांची असताना तापली. आबा तेव्हा अमळनेरला तेलाच्या कारखान्यात होते. अक्काने गावातल्या एकाबरोबर निरोप पाठवला की लगेच या, पोरीला डॉक्टरकडे न्यायचंय. आबांना निरोप मिळाला. पण पाळी संपवूनच निघू म्हणून ते थांबले. घरी आले तेव्हा मुलगी गेली होती.

थोड्याच दिवसांनी अक्का भडगावजवळ तिच्या माहेरी गेली आणि परत आलीच नाही. चौदा महिने. आबा दर सुट्टीच्या दिवशी यायचे. पारोळ्याला बस बदलून दुपारपर्यंत पोचायचे. अक्काचे वडील त्यांच्याशी बोलत नसत. आबा ओट्यावर बसायचे, कोणी दिलं तर पाणी प्यायचे आणि शेवटच्या बसने परत जायचे. अक्का दारात येत नसे.

"मग?" मी विचारलं.

"मंग एक दिवस मीच इचारं, काबर येस तू? मी त येणार नही."

"काय म्हणाले आबा?"

"म्हणे, ती मनीबी पोर व्हती."

त्यावर अक्काने आत जाऊन कपड्यांची पिशवी भरली. बसमध्ये आबांनी तिला खिडकीजवळ बसवलं. त्या मुलीचं नाव त्यानंतर घरात कोणी घेतलं नाही, आणि अक्काने फोनवरही घेतलं नाही.

समोर कामगारांच्या सायकली ओळीने लावल्या होत्या, त्या मी मोजत होते.

"तो येस का?" अक्काने विचारलं.

"कोण?"

"तुना नवरा. या बठ्ठा महिनासमा एकदा तरी उना का?"

"नाही."

"फोन?"

"वकिलाची पत्रं येतात. सही करून मागितलीय. मी अजून केली नाही."

अक्काने फोन कानापासून काढून समोर धरला. आता तिचा चेहरा पूर्ण दिसला, फार जवळून, नाक मोठं आणि डोळे बारीक.

"मंग वाट कसानी देखस तू?" ती म्हणाली. "मना माणूस येत व्हता, म्हणीसन मी गयी. तो नही येस."

तेवढ्यात मागून आबांचा आवाज आला. कोणाचा फोन, असं ते विचारत होते. अक्काने फोन त्यांच्या हातात दिला. आबांना त्यातलं काय ऐकू आलं होतं कोण जाणे. त्यांनी मला जेवलीस का विचारलं, तिथे अजून थंडी आहे का विचारलं. दोन्हींची उत्तरं मी दिली. मग ते म्हणाले, "मांडे उरले शेतस. तुना वाटाना मांडे कोनाले देऊ?"

"पाचोऱ्याच्या आत्याला द्या."

"बरं."

त्या आठवड्यात मी सह्या केल्या आणि पाकीट टपालात टाकलं. हलकं वाटलं असं म्हणणार नाही. काहीच वाटलं नाही, फक्त पोस्टातून कामावर जाताना रस्ता चुकले आणि वीस मिनिटं उशिरा पोचले.

जानेवारीत रजा मिळाली तेव्हा गावी गेले. अक्का सकाळच्या उन्हात ओल्या तुरीच्या शेंगा सोलत बसली होती, आबा तिच्या डाव्या हाताला पेपर वाचत होते. मी तिच्यासमोर बसले. शेजारची बाई आली. तिने माझी चौकशी केली आणि साहजिकच विचारलं, "जावाई नही उनात?"

मी तोंड उघडण्याआधीच अक्का बोलली. आवाज खाली न आणता, जसा ती भाजीचा भाव सांगते तसा. "आते ते आम्हना जावाई नहीत. पोरगी एकली ऱ्हास तठे. नोकरी करस."

आबांनी पेपरचं पान उलटलं. अक्काने शेंगांचं सूप माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाली, "हात चालाव." मी सोलायला लागले. थोड्या वेळाने शेजारणीनेही खाली बसून एक मूठ शेंगा उचलल्या.