थिजलेलं मोहाचं तेल

देवकाबाईंच्या पायावरचं फडकं सोडलं आणि मी खुर्ची ओढून खाली बसले. डाव्या टाचेपासून करंगळीपर्यंत फोड. काही फुटलेले, काही टम्म. बाई मात्र शांतपणे भिंतीवरचं कॅलेंडर पाहत होत्या.

"चुलीजवळ बसल्या होत्या का?"

"नाई वो म्याडम."

"गरम पाण्यात पाय टाकला?"

"तुमीच तं नाई म्हटलं होतं. गार पाण्यातच टाकतो रोज."

"मग हे झालं कसं?"

"मले काय मालूम? लुगड्याले ओल लागली तवा दिसलं."

त्यांचा मुलगा राजू त्यांना लाखनीच्या बाजूच्या गावाहून मोटरसायकलवर घेऊन आला होता. तो दारातूनच बोलला, "तुमी सांगितलेल्या तेलानंच झालं हे. आता तेल-बिल बंद!"

मी कुष्ठरोग विभागात फिजिओथेरपी टेक्निशियन होते. कुष्ठरोग म्हटलं की लोक दोन पावलं मागे सरकतात. तुम्हीही सरकला असाल. सरकू नका. औषधाचा कोर्स पूर्ण झाला की हा रोग कोणाला लागत नाही, आणि देवकाबाईंचा कोर्स केव्हाच संपला होता. पण रोगाने जाता जाता नसा खाल्ल्या होत्या. नस मेली की काटा, खडा, चटका काहीच कळत नाही. शिवाय घाम बंद होतो. घाम नाही म्हणून कातडी कोरडी, कोरडी म्हणून भेगा. भेगेत चिखल जातो, आणि दुखत नाही म्हणून माणूस त्याच पायावर चालत राहतो. जखम हाडापर्यंत गेली की पाय कापावा लागतो. देवकाबाई रोवणीला जाणाऱ्या बाई. चिखलात दिवसभर वाकून धानाची रोपं लावायची, ती एका पायावर कशी लावणार?

यावर आमचा इलाज अगदी साधा. पाय साध्या पाण्यात भिजवायचा, जाड झालेली कातडी खरबरीत दगडाने हलकेच घासायची आणि ओल असतानाच तेल चोळायचं. तेल कातडीला पाणी देत नाही, आत गेलेलं पाणी फक्त धरून ठेवतं. कोरड्या पायावर वाटीभर तेल थापलं तरी उपयोग नाही. हे सांगून सांगून माझा घसा बसला.

तेल कोणतं, तर घरात असेल ते. जवस, तीळ, खोबरेल, काहीही. देवकाबाईंकडे टोळीचं तेल होतं. मोहाच्या बियांना आमच्याकडे टोळी म्हणतात. पावसाआधी त्या वेचायच्या आणि घाण्यावरून तेल काढून आणायचं. कातडीला फार मऊ. त्या तेलावर बाईंनी अख्खा पावसाळा काढला होता, पायाला एक भेग पडू दिली नव्हती. मी तो पाय इतर पेशंटना कौतुकाने दाखवायची.

आमचे डॉक्टर आले. कमी बोलणारा, सरळ माणूस. त्यांनी करंगळी दाबून पाहिली.

"मॅडम, हे भाजलेलं आहे. आणि या बोटाचा रंग बघा."

"बघितला, साहेब."

"अॅडमिट करू. पू वर चढला तर नागपूरला पाठवावं लागेल. पाय राहील की नाही, आज सांगता येत नाही."

"आणि तेल?"

"सध्या बंद. नंतर क्रीमची ट्यूब लिहून देऊ."

"ट्यूब संपते, साहेब. संपली की परत भेगा."

"आधी पाय तर राहू द्या!"

बरोबरच होतं त्यांचं. पण माझ्या डोक्यातून एक गोष्ट जाईना. बाईंना कशाने भाजलं ते कळल्याशिवाय घरी पाठवलं, तर त्या दुसरा पायही भाजून घेतील. दुसऱ्या दिवशी त्या बाजूला माझी व्हिजिट होती. मी त्यांच्या घरी गेले.

घरी सून होती, प्रणाली. कडेवर वर्षभराची मुलगी. मी तेल दाखव म्हटलं. तिने बाटली आणली. आतलं तेल तुपासारखं पांढरं, घट्ट. थंडी पडली की मोहाचं तेल थिजतं. पावसाळ्यात ते पातळ होतं, त्यामुळे आमच्यात तो विषयच कधी निघाला नव्हता.

"हे कसं वापरता?"

"वाटीत घेतो, चुलीवर ठेवतो. पातळ झालं का आईच्या खाटेपाशी नेऊन देतो. मंग त्या लावतेत."

"गरम किती आहे, ते कोण पाहतं?"

देवकाबाईंचे हातही बधिर होते, हे तिला माहीत होतं आणि मलाही. ज्या हाताला चटका कळत नाही, त्या हाताने कडकडीत तेलाची वाटी डाव्या पायावर ओतली होती, आणि पायालाही ते कळलं नव्हतं. उजव्याची पाळी येईपर्यंत तेल निवलं असणार.

खिडकीत तिची खोबरेल तेलाची बाटली होती. तीही थिजलेली.

"हे केसाचं तेल कसं पातळ करते?"

"तसंच. वाटीत."

"आणि तशीच डोक्यावर ओतते?"

"नाई बापा! बोट घालून पायतो ना आंधी."

"मग आईच्या वाटीत?"

तिने मुलीला या कडेवरून त्या कडेवर घेतलं. "त्यांच्या वाटीत कशी घालू, म्याडम? लहान लेकरू हाय मले."

माझं डोकंच फिरलं. रोग बरा झालाय, कोणाला लागत नाही, कितीदा सांगायचं तुम्हा लोकांना, असं मी बरंच काही ओरडले. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "मी वाईट नाई म्याडम. त्यांचं जेवण, पाणी, धुणं सगळं करतो. हात लावाले मातर जीव होत नाई. माह्या मायनं बी सांगून धाडलं हाय, का हात नको लावजो."

ती खोटं बोलत नव्हती. रोज न चुकता वाटी नेऊन ठेवणारी पोरगी होती ती. मी जरा निवले. म्हटलं, "उद्या दवाखान्यात ये. मी कसं करते ते फक्त पाहा."

ती आली. डाव्या पायाचं ड्रेसिंग झाल्यावर मी देवकाबाईंचा उजवा पाय भिजवला, मांडीवर घेतला आणि उघड्या हाताने तेल चोळलं. बोटांच्या बेचक्यांतसुद्धा. प्रणाली भिंतीला टेकून पाहत होती.

"तुमाले कायी नाई होत?"

"इतकी वर्षं हेच करून राहिली. घे, पाहून घे माझे हात."

तिने खरंच माझे हात धरले. उलटे करून पाहिले, सुलटे करून पाहिले, नखं पाहिली. मग घरी गेली. मला वाटलं, ही काही हात लावत नाही.

पू वर चढला नाही. पण करंगळी काळी पडली आणि काढावी लागली. ऑपरेशनआधी देवकाबाईंना ते सांगायला मीच गेले. सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "जाऊ द्या म्याडम. रोवणीले करंगळी नाई लागत." त्या हसल्या. मला हसता आलं नाही.

डिस्चार्जच्या दिवशी राजूसोबत प्रणालीही आली होती. मी राजूला सगळं समजावलं. त्याचं तोंड लाल झालं. "म्हणजे हिनंच जाळला मायचा पाय!"

"थांब," मी म्हटलं. "तुझी बोटं कुठे होती? तुला चटका कळतो ना? माय तुझी आहे."

मग मी दोघांना बसवून सांगितलं. तेल चुलीवर ठेवायचं नाही, बाटली उन्हात ठेवायची. आणि बाईंच्या पायाला तेल लागण्याआधी त्यात घरातल्या कोणाचं तरी धड बोट जायलाच पाहिजे. डॉक्टरांनी ट्यूब दिली होती, ती संपली. तेल सुरू झालं.

थंडी ओसरताना त्या तपासणीला आल्या. दोन्ही पाय मऊ, स्वच्छ. जखमेची जागा गुलाबी झाली होती.

"कोण लावतं तेल?" मी विचारलं.

"कधी राजू. पण जास्त करून प्रणालीच."

"बरं वाटतं ना?"

"पायाले तं कायीच समजत नाई म्याडम. तिनं हात ठेवला का नाई ठेवला, मले नाई समजत. म्हणून मी डोळे लावून पाहूनच राहतो."

मी उगीच केसपेपर चाळत बसले.

आता मी रिटायर झाले. लोक अजून विचारतात, मॅडम, कोरड्या कातडीला तेल कोणतं चांगलं? मोहाचं का खोबऱ्याचं? मी आधी विचारते, लावून देणारं कोण आहे? तेलाचं त्यानंतर बोलू.