जहाजावर ज्योत चालत नाही

द्वारकेतल्या आमच्या सोसायटीत कुणी क्रूझला निघालं की बॅग आधी माझ्या ख्रिस्ती शेजाऱ्यासमोर उघडतं. तो पूर्वी जहाजावर नोकरीला होता. "इस्त्री चालत नाही. किटली बिल्कुल चालत नाही," म्हणत तो एकेक वस्तू बाहेर काढतो.

आमची क्रूझ ठरली, पण रोजचा दिवा चुकेल म्हणून आई यायला तयार नव्हती, तेव्हा मी तिचं निरांजन साडीत लपवलं. त्याला ते लगेच सापडलं. मी ओशाळलो.

"काकू, जहाजाला आगीचं भय असतं. किल्ली द्या, मी इथे रोज लावतो."

परतलो त्या संध्याकाळी देवघरात निरांजन तेवत होतं.

"लावताना म्हणायचास काय रे?" आईनं विचारलं.

"आमचीच प्रार्थना, काकू. दुसरी येत नाही."

"चालते," आई म्हणाली.