वाल सोलताना सांगितलेलं

माझ्या नवऱ्यानं काशीगावातल्या एका सत्तरीच्या बाईला स्वतःची एक गोष्ट सांगितली. ती मला अजून माहीत नाही. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, मी प्रेमकथा लिहून चार वाचक जमवले, आणि घरातली एकुलती एक प्रेमकथा जाऊन पडली परक्या बाईच्या ओट्यावर. मला त्या बाईचा हेवा वाटतो. थोडाथोडका नाही, जेवताना आठवलं तर घास फिरतो.

झालं असं. माझ्या नव्या कादंबरीतला नायक मिठागरवाल्यांच्या घरातला होता. मीरा रोडला येऊन पंधरा वर्षं झाली तरी इथल्या जुन्या घरांतलं लग्न मी आतून कधी पाहिलं नव्हतं. लग्नाचं प्रकरण लिहिलं आणि संपादकबाईंनी ते परत पाठवलं. "हे कुठल्याही हॉलमधलं लग्न वाटतंय," म्हणाल्या. खरंच होतं, मी ते आमच्या सोसायटीसमोरच्या हॉलवरूनच उचललं होतं. मग कळलं, की या घरांमधल्या लग्नात धवलारीण लागते. प्रत्येक विधीला धवले म्हणणारी, म्हणजे त्या त्या विधीची गाणी म्हणणारी बाई. आमच्या पोळीवाल्या मावशींच्या ओळखीनं जवळच्याच काशीगावातली एक जुनी धवलारीण मिळाली.

मला स्कूटर येत नाही. नवरा नुकताच निवृत्त झालेला, दिवसभर टीव्हीसमोर. त्यालाच सारथी केलं आणि एका शनिवारी सकाळी आम्ही गेलो.

आजी ओट्यावर बसून मोड आलेले वाल सोलत होत्या. मी फोन रेकॉर्डिंगला लावून समोर ठेवला, वही उघडली आणि अगदी लाडात म्हटलं, "आजी, एखादा धवला म्हणता का?"

"मांडव न्हाय तं धवला न्हाय," त्या म्हणाल्या. "असा उगाच म्हनायचा नसतो, बाय."

"दोनच ओळी?"

"भूक नसताना जेवतेस काय दोन घास?"

जेवते की, मी मनात म्हटलं. तोंडानं मात्र पुढचे प्रश्न काढले. तुमचं लग्न कसं ठरलं, आधी बघितलं होतं का त्यांना, मिठागरात कधी चोरून भेटलात का. उत्तरं आली ती "हां", "न्हाय" आणि "तवा तसंच व्हतं". नवऱ्यानं मात्र न सांगता परात पुढे ओढली आणि वाल सोलायला बसला. घरी लसूण सोल म्हटलं तर हाच माणूस पेपरात तोंड खुपसतो.

असे चार शनिवार गेले. माझ्या वहीत प्रश्न वाढत होते आणि नवऱ्याच्या हाताला वाल सोलायचा वेग आला होता. निघताना आजी त्याच्यासाठी त्याच वालांच्या बिरड्याचा डबा भरून द्यायच्या. त्याच्यासाठी हं. "तुज्या मानसाला आवडतं," असं मला सांगून.

पाचव्या शनिवारी मला ताप होता. डबा परत करून दहा मिनिटांत येतो म्हणून तो गेला आणि अडीच तासांनी आला.

"एवढा वेळ काय करत होतात?" मी विचारलं.

"काही नाही. वाल जास्त होते."

पुढच्या खेपेला मी ओट्यावर टेकते न टेकते तोच आजींनी माझा हात धरला. "तुजा मानूस लय सोसलेला हाय गो. त्या पोरीचं आयकून मना रडू आलं."

"कुठल्या पोरीचं?" मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग परातीकडे पाहिलं. मला काहीच माहीत नाही हे त्यांच्या लक्षात आलं, आणि त्यांनी माझा हात सोडून पुन्हा वाल उचलला.

"आजी, सांगा ना."

"मांडव न्हाय तं धवला न्हाय," त्या म्हणाल्या.

मी घरी आले ती पेटूनच. आधी त्या पोरीवर जळले. कोण होती, दिसायला कशी होती, माझ्या आधीची तरी होती ना? दोन दिवसांनी लक्षात आलं की पोरीवरचा राग ओसरलाय, आजींवरचा नाही. मी सव्वीस वर्षं या माणसाचा चहा केला, आणि त्याचं दुःख मात्र तिनं ऐकलं. आणि त्याहून लाज वाटावी अशी गोष्ट सांगते. मला लेखिका म्हणूनही पोटात दुखत होतं. नायकांसाठी मी अख्ख्या जगात वणवण करत होते आणि हा असला ऐवज माझ्याच पलंगाच्या दुसऱ्या कडेला घोरत होता!

मग मी नको ते केलं. त्याचं जुनं कपाट उपसलं. नणंदेला फोन करून कादंबरीसाठी हवंय असं सांगत त्याच्या कॉलेजातल्या मैत्रिणींची चौकशी केली. नणंद माझी असली तरी आधी त्याची बहीण आहे, हे मी विसरलेच. तिनं संध्याकाळच्या आत त्याला कळवलं.

दुसऱ्या दिवशी चहाचा कप खाली ठेवून तो म्हणाला, "मला विचारायचंस."

"विचारते. कोण होती?"

"नाही सांगणार."

"तिकडे ओट्यावर सांगता ते?"

"त्या कोणाला सांगत नाहीत," तो म्हणाला. "तू लिहिशील."

मी भांडायला तोंड उघडलं आणि मला एक जुनी गोष्ट आठवली. मुंबईतली खोली सोडली त्या दिवशी तो मोरीत नळ सोडून रडला होता. मी ते रडू माझ्या एका नायकाला दिलं, नळासकट. वाचकांनी फोनवर लाल बदामांचा पाऊस पाडला. त्याच्या ऑफिसातल्या एकीनं ते त्यालाच फोनवर दाखवलं होतं, "वहिनी काय सुंदर लिहितात" म्हणून. त्याबद्दल तो मला तेव्हा काहीच बोलला नव्हता. मी त्याला आवडलं असेल असं धरून चालले होते.

वैशाखात आजींच्या नातवाचं लग्न निघालं. आम्हा दोघांना आमंत्रण होतं. दारात मांडव घातला होता, उंबराची फांदी आणली होती, आणि आजी नवं लुगडं नेसून मधोमध उभ्या राहिल्या. त्यांनी धवला सुरू केला. आवाज चिरका होता, मध्येच दम लागत होता, तरी बायाबापड्या जागच्या जागी गप्प झाल्या. मी फोन पर्समध्येच ठेवला होता, माझी ही कमाई मी मुद्दाम सांगते आहे. एका ओळीवर आजींनी माझ्या नवऱ्याकडे पाहिलं. त्यानं मान खाली घातली. त्या दोघांमध्ये काय गेलं ते मला कळलं नाही, आणि भर मांडवात, धवला चालू असतानाच, मला पुन्हा आतून जळायला झालं.

परत येताना काशिमिऱ्याच्या सिग्नलला स्कूटर थांबली. ऊन डोक्यावर होतं. मी त्याच्या पाठीशी वाकले.

"अहो, तिचं पुढे काय झालं, एवढंच सांगा. नाही लिहिणार मी. शप्पथ."

मी मनापासून म्हणत होते. पण म्हणता म्हणताच ती पोरगी मला दिसायला लागली होती. दोन वेण्या, निळी ओढणी, भाईंदर स्टेशनच्या जिन्यावर उभी. नाव तर आपोआपच सुचलं.

त्यानं आरशातून माझ्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं.

"नाव काय ठेवलंस तिचं?" त्यानं विचारलं.