सारजाबाईचा खाका

केसरबाईच्या घरात कागदाला लॅमिनेशन करणं म्हणजे त्याला फेटा बांधण्यासारखं होतं. मुलगा राजकुमार बारावी झाला, गुणपत्रिका लॅमिनेट. कंपनीत कायम झाला, ते पत्र लॅमिनेट. सून सुलेखाचं नर्सिंगचं सर्टिफिकेट तर फ्रेममध्ये, दारातून शिरल्या शिरल्या दिसेल असं. ज्यांच्या आज्या-पणज्यांना अंगठ्यापलीकडं कागद माहीत नव्हता, ते कागदाला जपणारच, त्यात हसण्यासारखं काही नाही. पण जपता जपताही माणूस कसा घात करून बसतो, ते याच घरात बघायला मिळालं.

केसरबाई मुकुंदवाडीत राहते. सत्तरीला टेकलीय, पण गल्लीत अजून तिला ‘पेंटरबाई’ म्हणतात. नवरा कडुबा पाट्या रंगवायचा. तो शिडीवर आणि ही खाली रंग कालवायला. तो गेल्यावर ही स्वतःच शिडीवर चढली. “बाईमाणूस शिडीवर शोभतं का?” म्हणणाऱ्या शहागंजच्या बाजारातल्या शेठजींनीही शेवटी तिच्याकडूनच पाट्या करून घेतल्या, आणि वर चहा पाजला. पुढं फ्लेक्स आले आणि पाट्या गेल्या. मग तिनं विहारांच्या नि शाळांच्या भिंती रंगवल्या. आता मात्र हात इतका थरथरतो की बशीतला चहा ओठापर्यंत निम्मा पोचतो. रेघ ओढणं सुटलंच.

तिची आयुष्याची कमाई पलंगाखालच्या पत्र्याच्या पेटीत. कडुबाची पत्रं, लग्नपत्रिका, राजकुमारची प्रगतिपुस्तकं आणि खाके. चित्र कागदावर काढायचं, रेघेरेघेवरून सुईनं टोचत जायचं, तो कागद भिंतीला लावायचा आणि कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी त्यावर आपटायची. कागद काढला की भिंतीवर ठिपक्यांचं चित्र तयार. त्या टोचलेल्या कागदाला खाका म्हणतात. कोरा कागद विकत घ्यायची ऐपत नव्हती, म्हणून तिचे सगळे खाके जुन्या कॅलेंडरांच्या पाठीवर. टोचायचं काम लहानग्या राजकुमारकडं असायचं. बोटं भोसकून घेऊन घेऊन पोरगा असा वैतागला की मोठेपणी त्यानं रंगाच्या डब्याकडं ढुंकून पाहिलं नाही.

एक खाका मात्र कधी भिंतीला लागलाच नव्हता. तो केसरबाईच्या आईचा, सारजाबाईचा. सोयगावकडच्या खेड्यात आई शेवटच्या दुखण्यात पडली होती, तेव्हा नुकतंच लग्न झालेल्या केसरबाईनं उशाशी बसून तो काढला आणि तिथंच टोचला. आईचा फोटो नाही. त्या वस्तीत फोटो काढायला कोण येणार होतं? पेन्सिलीची रेघ कधीच उडून गेली. राहिली ती नुसती भोकं. सारजाबाईचा चेहरा या जगात उरला होता तो तेवढाच.

आणि आता त्याला भिंत मिळणार होती. शहरातल्या एका कलादालनाच्या विशाखा मॅडम घरी येऊन गेल्या. “मावशी, तुमचे घरातले सगळे कागद आम्हाला मांडायचेत. आणि एक भिंत तुमची, तुम्हाला हवं ते चित्र काढा,” असं त्या म्हणाल्या. केसरबाईनं क्षणभरही विचार केला नाही. “मायचं काढते,” ती म्हणाली. जाताना मॅडमनी बजावलं, कागद आहेत तसेच राहू द्या. राजकुमार तेव्हा ड्युटीवर होता, आणि केसरबाई आनंदाच्या भरात हे एवढंच सांगायचं विसरली.

राजकुमारनं पेटी उघडली. पिवळे पडलेले, कोपरे झडलेले, हळदीचे डाग पडलेले कागद. मोठमोठे लोक बघायला येणार, आणि आईचे कागद असे? सुट्टीच्या दिवशी तो अख्खा गठ्ठा घेऊन शहागंजला गेला आणि संध्याकाळी सगळे कागद लॅमिनेट करून तोऱ्यात परतला.

“बघ आई, कसे चकाचक केलेत! आता शंभर वर्षं काय होत नाय यांना.”

केसरबाईनं आईचा खाका उचलून बोट फिरवलं. गुळगुळीत. एकही भोक बोटाला लागेना.

“आरं, कामून केलंस हे?” तिचा आवाज फाटला. “मायचं तोंड बुजवलंस की रं माझ्या!”

राजकुमारला आधी कळेना, आणि कळलं तेव्हा बसायलाही सुधरेना. मॅडमना फोन लावला, तर त्या म्हणाल्या, प्लास्टिक ओढू नका, कागदच फाटून येईल. केसरबाई त्या रात्री जेवली नाही. मुलाशी बोललीही नाही. खरं सांगायचं तर तिला त्याचा राग आला होता, साधासुधा नाही, चांगला कडकडीत.

सकाळी तिला राहवेना. खाका घेऊन ती दारात गेली आणि उन्हासमोर धरला. प्लास्टिकमधून बारीक बारीक उजेड झिरपत होता. भोकं बुजली नव्हती, वरून झाकली गेली होती.

“सुलेखा, सुई दे गं!”

पण सुई धरली तर ती पाल्यासारखी हलायला लागली. पहिलाच टोचा ओठाच्या बाहेर गेला. तिनं सुई खाली ठेवली आणि डोळे पुसले. कामावर निघालेल्या राजकुमारनं डबा ओट्यावर ठेवला, कंपनीत फोन करून रजा सांगितली आणि आईसमोर मांडी घातली.

“दे इकडं.”

“जमंल का तुला? किती वर्सं झाली.”

“बोटं इसरली नसतील. लई रडवलंय या सुईनं त्यांना.”

खिडकीच्या काचेला लावून त्यानं उजेडाच्या एकेका ठिपक्यावर मार्करची खूण केली. मग घडी घातलेल्या गोधडीवर खाका ठेवून टोचत बसला. “नाकाकडं दमानं. माझ्या मायचं नाक हाय ते,” केसरबाई म्हणाली. कालपासूनचा अबोला तिच्या ध्यानातही राहिला नव्हता. टोचताना पाठीमागून वर आलेलं प्लास्टिक त्यानं पॉलिश पेपरनं घासून काढलं, तेव्हा संध्याकाळ झाली होती.

कलादालनाच्या भिंतीवर राजकुमारनं खाका ताणून धरला. पुरचुंडी मात्र केसरबाईनंच हातात घेतली. आपटायला थरथरता हातही चालतो, उलट जास्त बरा चालतो. धप धप करत तिनं सगळा कागद काळा केला, मग म्हणाली, “काढ आता कागद.”

राजकुमारनं आपली आजी पहिल्यांदा पाहिली. रुंद कपाळ, किंचित उघडे ओठ, काहीतरी विचारायचं राहून गेल्यासारखे डोळे. “आई, तुझ्यावाणीच दिसते गं,” तो म्हणाला.

केसरबाई भिंतीजवळ गेली. तिच्या आठवणीत आई कायम मोठी होती, थकलेली होती, सगळं समजणारी होती. आता समोरच्या चेहऱ्यावर एक सुरकुती नव्हती; गेली तेव्हा आई जेमतेम पस्तिशीची होती. तिनं ठिपक्यांना धक्का न लावता गालाजवळ हात नेला.

“माय,” ती म्हणाली, “तू तं पोरगीच व्हतीस की गं.”