गाडी अजून हलते का?

चष्मेवाल्याने भावोजींची गाडी दोन दिवसांसाठी मागून नेली आणि परत आणली ती दुरुस्त करून. माणूस दुसऱ्याची गाडी नेतो तेव्हा ओरखडा काढून आणतो, टाकी कोरडी करून आणतो, फार तर आरसा मोडून आणतो. लोक चार शब्द बोलतात आणि विसरतात. पण न सांगता दुरुस्त करून आणणाऱ्याचं काय करायचं, हे अजून कुणी ठरवलेलं नाही. त्यामुळे चष्मेवाला गाडीतून उतरला तो मोठ्या तोऱ्यात.

"घ्या भावोजी. आता स्टिअरिंगवर पाण्याचा पेला ठेवा, सांडणार नाही."

भावोजी म्हणजे त्याच्या ताईचे यजमान. ते दुकानाच्या दारात फडक्याने हात पुसत उभे होते. त्यांनी गाडीकडे पाहिलं. मग वाकून पुढच्या चाकाकडे पाहिलं. मग दुसऱ्या बाजूला जाऊन तिकडच्या चाकाकडे पाहिलं.

"स्पेसर कुठंयत?"

"काढून टाकले. तेच तर हलवत होते गाडीला. माझी भिंगांची पेटी नुसती खुळखुळत होती हो. वाटेत एक टायरवाला दिसला, त्याला म्हटलं बघ बाबा. त्याने काढले, मी पैसेही दिले. तुम्ही काही द्यायचं नाही."

 भावोजींनी हातातलं फडकं घडी घालून खिशात ठेवलं. काळं, तेलकट फडकं घडी घालून खिशात ठेवणारा माणूस एकतर फार टापटिपीचा असतो किंवा त्याला जबर काहीतरी झालेलं असतं. भावोजी टापटिपीचे नव्हते.

त्यांचा धंदा चाकं सरळ करण्याचा. गाडी खड्ड्यात आपटली, एका बाजूला ओढायला लागली, टायर आतूनच झिजायला लागले की लोक त्यांच्याकडे येत. दुकान म्हणजे एक लांबट खोली, मध्ये खड्डा, खड्ड्यावर दोन रूळ आणि भिंतीला आकाराप्रमाणे टांगलेले पाने. येणाऱ्याजाणाऱ्याच्या चपलांची टाच पाहून ते मनातल्या मनात निदान करत. चष्मेवाला पहिल्यांदा बहिणीच्या घरी जेवायला आला होता, तेव्हाही दारात काढलेल्या त्याच्या बुटांकडे पाहून ते म्हणाले होते, "डावा पाय बाहेर फेकतोस." त्यानेही चिडून सांगितलं होतं, "आणि तुम्ही पेपर हातभर लांब धरता." तेव्हापासून दोघांचं बरं जमलं. एक गावाची नजर सरळ करणार, एक गावाची चाकं.

आणि अशा माणसाची स्वतःची गाडी थरथरायची. जुनी, फिकट हिरवी, डब्यासारखी चौकोनी गाडी. हळू चालवली तर साधी, वेग धरला आणि डावं वळण आलं की स्टिअरिंगला हुडहुडी भरायची. थोडा आणखी वेग दिला की आपोआप शांत. गिऱ्हाइकं टिंगल करत. "काय हो, तुमची गाडी कुठं दाखवता?" भावोजी म्हणत, "तिचा डॉक्टर परगावी असतो." लोक हसत. चष्मेवालाही हसला होता, कितीतरी वेळा.

कारण होते ते दोन स्पेसर. स्पेसर म्हणजे चाक आणि चाकामागचा हब यांच्यामध्ये बसवायची बोटभर जाडीची ॲल्युमिनियमची चकती. ती बसवली की चाक तेवढं बाहेर येतं आणि गाडी पाय फाकून उभ्या राहिलेल्या पैलवानासारखी दिसते. हौशी गिऱ्हाइकं मागायला आली की भावोजी आधी सगळं ऐकवत. "दिसायला झकास. वळणावर गाडी झुकेल कमी, हेही खरं. पण स्टिअरिंग जड होईल, रस्त्यातली प्रत्येक चाकोरी तुझा हात ओढेल, आणि बेअरिंग तुझ्या आधी म्हातारं होईल. बसवू?" अर्धे तिथूनच परत जात. असा माणूस स्वतःच्या गाडीला हे दागिने घालील कशाला, असा प्रश्न चष्मेवाल्याला कधी पडला नव्हता. आता तो पडला, पण स्पेसर काढून झाल्यावर.

उत्तर ताईने दिलं, स्वयंपाकघरात, भांडी आपटत.

"तुला कुणी सांगितला होता हा शहाणपणा?"

"अगं, गाडी हलत होती."

"हलत होती ते मला माहीत नाही? मी बसते ना तिच्यात. माझी कंबर काय लोकांच्या घरून आणलीय?"

"मग तक्रार काय आहे?"

ताईने भांडं खाली ठेवलं. "ते वॉशरने बसवले होते."

वॉशर म्हणजे त्यांची मुलगी. लहानपणी आईबापांचं भांडण सुरू झालं की ही दोघांच्या मधोमध जाऊन बसायची. भावोजी म्हणाले होते, "ही आपल्यातली वॉशर. घासू देत नाही." ते नाव पडलं ते पडलंच. पोरगी दुकानातच वाढली. शिकली, आणि दूर देशात एका गाड्यांच्या कारखान्यात लागली. तिथं नव्या गाड्या मैदानात पळवून, वळणावर कशा वागतात ते बघायचं, हे तिचं काम. जायच्या आदल्या दिवशी तिने हौसेने घरच्या गाडीला स्पेसर बसवले. बापाला जवळ येऊ दिलं नाही. घाईत होती. नट समोरासमोरचे आवळायचे, ते तिने एकापाठोपाठ एक, गोल फिरत आवळले, आणि चकत्या केसभर एका अंगाला बसल्या. संध्याकाळी बापलेक चक्कर मारायला गेले, डावं वळण आलं, आणि स्टिअरिंग थरथरलं.

"हसत परत आले दोघं," ताई म्हणाली. "ती म्हणाली, बाबा, हात लावायचा नाही. मी आल्यावर मीच नीट करणार. झालं. तेव्हापासून दर रविवारी फोनवर तिचं पहिलं वाक्य काय, तर गाडी अजून हलते का. हे म्हणतात, हलते. ती म्हणते, सुट्टी मिळाली की येते. एवढंच बोलणं यांचं. मग फोन माझ्याकडे."

"पण मध्ये ती येऊन गेली की. तेव्हा का नाही केली नीट?"

 ताई पदराने हात पुसत म्हणाली, "निघायच्या दिवशी आठवलं तिला. पाना घेऊन निघाली होती. हेच म्हणाले, राहू दे, पुढच्या वेळी."

चष्मेवाल्याचा धंदा डोळ्यांचा. समोरच्याला किती दिसतं हे तो अक्षरांच्या पाटीवरून सांगे. आपल्याला किती दिसत नव्हतं, ते त्याला भांड्यांच्या ढिगासमोर उभं राहून कळलं. दर रविवारी सकाळी भावोजी गाडीशेजारी उकिडवे बसून चाकाचे नट तपासायचे. सैल नाहीत एवढं बघायचे आणि उठायचे. त्याला वाटे, सवय आहे.

"आणि आता रविवारी ती विचारेल तेव्हा?" त्याने विचारलं.

"तेच तर. खोटं बोलता येतं का यांना? गिऱ्हाइकाला कधी चाक चुकीचं सांगितलं नाही, पोरीला सांगतील?"

म्हणजे हे रविवारच्या आत निस्तरायला हवं होतं. चष्मेवाला दुसऱ्या दिवशी आपलं दुकान बंद ठेवून त्या टायरवाल्याकडे गेला. स्पेसर होते. एकात नटबोल्ट ठेवले होते, दुसरा टेबलाच्या आखूड पायाखाली सरकवलेला होता.

"हे परत पाहिजेत," चष्मेवाला म्हणाला.

"का? गाडी सरळ चालत नाही का?"

"चालते. तोच घोळ आहे."

टायरवाल्याने त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं की चष्मेवाल्याने उगाच चष्मा काढून पुसला. "न्या," तो म्हणाला, "पण आता माझं टेबल हलेल." चष्मेवाल्याला त्याचा हेवा वाटला. इतक्या सहज एखादी गोष्ट हलायला लागते, आणि त्याची काही किंमत नाही.

चकत्या पाहून भावोजींचा चेहरा क्षणभर उजळला. त्यांनी त्या फडक्याने पुसल्या, अंगठा कडेवरून फिरवला आणि कामाला बसले. जॅक लावला, चाक काढलं, चकती हबवर ठेवली. चष्मेवाला शेजारी डबा उलटा टाकून बसला.

"तिने आवळले तसेच आवळा हं. एकापाठोपाठ."

"कळतं मला."

पहिला नट आवळला. पान्याने शेजारच्या नटाकडे जायला हवं होतं, तो गेला समोरच्याकडे. भावोजींनी सगळं सैल केलं, पुन्हा सुरुवात केली. पुन्हा हात समोर गेला. तिसऱ्यांदा त्यांनी दातओठ खाऊन गोल फिरत आवळले, पण दुसऱ्या हाताचं बोट आपसूक चकतीच्या कडेला गेलं होतं आणि तिला मधोमध धरून बसलं होतं. दोघं चक्कर मारायला गेले. डाव्या वळणावर गाडी अशी गेली की पेला ठेवला असता तरी सांडला नसता.

"हलत नाही," चष्मेवाला म्हणाला.

"दिसतंय."

"जरा वाईट काम करून बघा की. लोक कसं सहज करतात."

"इतकी वर्षं हाताला जे नको म्हणून शिकवलं," भावोजी रस्त्याकडे बघत म्हणाले, "ते आता कर म्हटलं तर हात ऐकत नाही."  घराचं वळण आलं, ते त्यांनी चुकवलं आणि उगाच पुढचा एक लांबचा फेरा घेतला. वाटेत एका ठिकाणी रस्ता खरवडलेला होता. तिथं चाकोरीने स्टिअरिंग ओढलं, तशी त्यांची बोटं घट्ट झाली. पण ती ओढ नुसती रस्त्याची होती.

रविवारी सकाळी चष्मेवाला बाह्या दुमडून हजर झाला. "सरका," म्हणाला. "वाईट काम करायला माणूस मिळालाय तुम्हाला."

भावोजींनी त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि पाना त्याच्या हातात दिला. चष्म्याचे स्क्रू फिरवणाऱ्या हातात तो पाना पहारीसारखा दिसत होता. त्याने एकापाठोपाठ एक, गोल फिरत नट आवळले. बोट चेपून घेतलं, एक नट हातातून निसटून खड्ड्यात गेला, तो काढायला भावोजी खाली उतरले. शेवटी भावोजींनी फक्त नट घट्ट आहेत ना एवढं पाहिलं, कुठं हात लावला नाही. ताई दारात उभी राहून म्हणाली, "अहो, मी आज गाडीत बसणार नाही. आधीच सांगते."

गाडी निघाली आणि लगेच हलायला लागली. अगदी चालण्याच्या वेगाला. डावं वळण असो की उजवं, सरळ रस्ता असो, स्टिअरिंग, आरसा, खिडकीची काच, चष्मेवाल्याच्या नाकावरचा चष्मा, सगळं एका तालात.

"हलते," तो विजयाने म्हणाला.

भावोजींनी स्टिअरिंगवर दोन्ही तळवे हलके ठेवले. नाडी बघणाऱ्यासारखे ते जरा वेळ तसेच राहिले. मग त्यांनी मान हलवली.

"हे नाही."

"हलणं ते हलणं."

"तिचं वळणावर यायचं. डाव्या हाताला. थोडं आलं की कळायचं, मग वेग दिला की जायचं." त्यांनी शब्द शोधला, सापडला नाही. "हे तुझं आहे."

घरी येऊन पोचतात तोच ताईने फोन आणून हातात दिला. भावोजी गाडीतच बसून होते, दार उघडं, एक पाय बाहेर. चष्मेवाला बाहेर बोनेटला टेकून उभा राहिला. फोनमधून पोरीचा आवाज त्यालाही ऐकू येत होता.

"बाबा, गाडी अजून हलते का?"

भावोजींनी चष्मेवाल्याकडे पाहिलं. त्याने जोरजोरात मान हलवली. हलते, सांगा, खोटंही नाही.

"हलते," भावोजी म्हणाले. थांबले. "पण तुझ्यासारखी नाही गं."

"म्हणजे?"

"तुझे स्पेसर मामाने काढले. मी परत बसवले, ते सरळ बसले. मग त्याने बसवले."

 चष्मेवाल्याने नजर जमिनीत रोवली. मग पोरगी हसली, इतकी की फोन भावोजींनी कानापासून दूर धरला आणि तसाच धरून ठेवला, हसू संपेपर्यंत. संपल्यावर त्यांनी तो पुन्हा कानाला लावला, आणि इतक्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं ते विचारलं.

"कधी येतेस?"

या वेळी तिचा आवाज खाली आला. चष्मेवाल्याला शब्द कळले नाहीत. भावोजी नुसतं "बरं" म्हणाले, मग पुन्हा "बरं" म्हणाले, आणि फोन ताईकडे न देताच खिशात ठेवून दिला. ताईनेही मागितला नाही. हात लांब करून ते स्टिअरिंगवरून फडकं फिरवत बसले, जिथं पुसण्यासारखं काही नव्हतं.

शेवटी चष्मेवाल्याला राहवेना.

"काय म्हणाली? सुट्टी मिळाली की येते, तेच ना?"

भावोजी उतरले, गाडीला कुलूप घातलं आणि किल्ली वरच्या खिशात टाकली.

"ती येईपर्यंत तू पायी फिरायचं."