आईच्या मापाचा सोफा-कम-बेड

नांदेडात आमचं घर दुसऱ्या मजल्यावर आहे. शिरल्याबरोबर हॉल, त्याच्या उजवीकडे स्वयंपाकघर, डावीकडे झोपायची एकच खोली आणि समोरच्या कोपऱ्यात बाथरूम. खोलीतून पाणी प्यायला जा की बाथरूमला जा, हॉल ओलांडावाच लागतो. हे आधीच सांगून ठेवते, कारण मला स्वतःला ते फार उशिरा कळलं.

लग्नाला तेव्हा बारा वर्षं झाली होती. नवऱ्याचं गाव मुखेड तालुक्यात. तिकडच्या माणसांना नांदेडात काम निघत नाही असा महिना जात नाही. कोर्टाची तारीख, दवाखाना, पोरीची परीक्षा, किनवटकडची सकाळची गाडी. एकाचं काम असलं तरी सोबत दुसरा येतोच. मग हॉलमध्ये सतरंज्या पडायच्या, आणि सकाळी मी चहाचं आधण ठेवायला निघाले की पायांमधून वाट काढावी लागायची. मला त्याचं काही वाटत नव्हतं असं लिहिलं तर ते खोटं होईल. माणसांचा राग नव्हता. पण त्यांच्याकडची झाडून सगळी माझ्या घरात घोरून गेली होती, आणि माझी आई बारा वर्षांत एक रात्रही राहिली नव्हती. हिशोब मांडायची मला सवय नाही, पण हा मात्र मनात पक्का बसला होता.

आई लातूरला एकटी राहते. वडिलांचं किराणा दुकान त्यांच्या मागे बंद झालं. वरच्या दोन खोल्या तिनं क्लाससाठी आलेल्या पोरींना भाड्यानं दिल्यात आणि त्यांच्यावर दुकानासारखीच नजर ठेवते. माझ्याकडे यायची ती पहाटेच्या एसटीनं. दहाच्या सुमारास पोचायची, माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवत दोन घास खायची, आणि चारच्या गाडीनं परत. राहा म्हटलं की कारणं तयार. पोरींना पाणी कोण सोडणार, दूधवाला येऊन जाईल. मी फारच मागे लागले की शेवटचं कारण निघायचं. "खाली झोपलं की उठवत न्हाई गं मला. गुडघे लई धरतेत."

गुडघ्यांवर माझा विश्वास बसला. गुडघ्यांना उपाय असतो. मी ठरवलं, सोफा-कम-बेड घ्यायचा.

नवऱ्याचं मत दिवाणाचं होतं. दिवाण स्वस्त पडतो, मोडत नाही. पण दिवाणावर पाठ टेकून बसता येत नाही, आणि मी शाळेतल्या वह्या तपासते ते हॉलमध्येच, दोन-दोन तास. रोज बसायला नीट पाहिजे आणि आई आली की झोपायला नीट पाहिजे, असं मी सांगितलं. तो म्हणाला, "आई आली तर ना." बोलला सहज, मला मात्र ते झोंबलं.

एका रविवारी मी लातूरला गेले. आई स्वयंपाकघरात होती तेवढ्यात मी शिवणाची टेप काढून तिचा पलंग मोजला. जमिनीपासून उंची, लांबी, दाबल्यावर गादी किती खाली जाते ते. मग तिची ती लाकडी खुर्ची मोजली, जिच्यावरून ती भिंत न धरता उठते. ती दारात येऊन उभी राहिली.

"काय मोजायलीस?"

"काही नाही. पडदे शिवायचेत."

"खुर्चीला पडदा?" ती म्हणाली आणि आत निघून गेली.

पुढचे तीन रविवार नांदेडची दुकानं पालथी घातली. तोवर सोफा-कम-बेड म्हणजे एकच वस्तू असते असा माझा समज होता. एकात खालचा कप्पा ओढून बाहेर काढायचा, पण झोपल्यावर कमरेखाली लोखंडी दांडी लागायची. दुसऱ्याची पाठ मागे आडवी व्हायची, आणि बैठक व पाठ यांच्यामध्ये अशी घळ पडायची की माणूस रात्रभर घसरत तिथेच येणार. तिसरा बंद असताना फार देखणा होता. पण उघडायला दोन माणसं लागत, आणि किंचाळायचा. रेक्झिनचे सगळे मी बसूनच नाकारले. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये रेक्झिनवर बसलेला माणूस उठतो तेव्हा कातडं सोलल्यासारखा आवाज येतो.

झोपून पाहिल्याशिवाय घेऊ नका, असं प्रत्येक दुकानदार सांगायचा. मी काही आडवी झाले नाही. दुकानाला पुढून सगळी काच, पलीकडे भर रस्ता. नवऱ्याला झोपवलं. तो चप्पल काढून, हात छातीवर ठेवून, डोळे मिटून पडायचा आणि मी वरून विचारायची, "दांडी लागते का? कूस बदल. आता उठ. हात न टेकता उठ." शेवटच्या दुकानातला म्हातारा मालक हे सगळं शांतपणे बघत होता.

"ताई, रोज बसायला पाहिजे का रोज झोपायला?"

"दोन्ही."

"मग दोन्हीत जरा जरा कमी धरा. दोन्ही फुल मिळायचं न्हाई."

त्याच्याकडचाच घेतला. खालचा कप्पा चाकांवर बाहेर यायचा आणि वर उचलला की बैठकीच्या बरोबरीला बसायचा. घळ नाही, दांडी नाही. फोम कडक, वर जाड सुती कापड, खोळ काढून धुता येणारी. एका हातानं उघडून पाहिला, उघडला. उंची आईच्या खुर्चीपेक्षा दोन बोटं कमी निघाली, तर मालकानं पायांखाली लाकडी ठोकळे बसवून दिले. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. इतका विचार करून घेतलेली दुसरी वस्तू माझ्या घरात नव्हती.

त्यावर पहिले झोपले ते अर्थातच माझे चुलत सासरे, मुखेडहून आलेले. सकाळी उठून म्हणाले, "लई भारी हाय की हे! रातभर कूस बदलली न्हाई." मी ओठ दाबून चहा दिला.

आता आईला रात्री आणायचं होतं. लातूरला डॉक्टरांची काही कमी नाही. पण मी हट्टानं तिच्या गुडघ्यांसाठी नांदेडचा डॉक्टर गाठला. रक्त उपाशीपोटी तपासायचं होतं, तर त्यासाठी सकाळी सातची वेळ मुद्दाम मागून घेतली. सातला पोचायचं तर आदल्या दिवशी यावंच लागणार. आईनं फोनवर दूधवाल्याचं, पाण्याचं सगळं परत सांगून पाहिलं. मग म्हणाली, "बरं."

संध्याकाळी ती आली. सोफ्यावर बसली, उठली, परत बसली. "उठवतंय की," म्हणाली. मी नुसती हसले. मला वाटलं, जिंकले.

नवरा कचेरीतून आला तसा तिनं डोक्यावर पदर घेतला आणि सोफ्याच्या कडेला सरकली. तो तिला मामी म्हणतो, ती त्याला अहोजाहो करते. जेवणं झाली. मी कप्पा ओढून पलंग केला, नवी चादर घातली, उशी ठेवली, पंख्याचा वेग कमी केला. "झोप आता," म्हटलं. "हाव, झोपते. तू जा," ती म्हणाली. आम्ही खोलीत गेलो.

सकाळी साडेपाचला मी बाहेर आले तेव्हा ती आंघोळ करून, गळ्यातल्या इष्टलिंगाची पूजा आटोपून बसली होती. रात्री बसली होती त्याच कडेला. डोक्यावर पदर. चादरीवर सुरकुती नव्हती, उशीला खळगा नव्हता.

"झोपली नाहीस?"

"झोपले की."

दवाखान्यात रक्तदाब वाढलेला निघाला. डॉक्टरांनी विचारलं, रात्री झोप झाली का. ती हो म्हणाली, मी नाही म्हटलं. डॉक्टरांनी आम्हा दोघींकडे पाहिलं आणि दोन दिवस आराम लिहून दिला. रिक्षात बसल्यावर मी भडकलेच. एवढं मापून आणलंय, कुठं टोचलं, काय कमी पडलं, बोल तरी एकदा.

ती रस्त्याकडे बघत म्हणाली, "जावई दोनदा उठले. पाण्याला आन् बाथरूमला. मी काय पाय पसरून पडू त्यांच्यासमोर?"

"अगं, त्यांनी दिवासुद्धा लावला नाही."

"म्हणून काय झालं? मला ते दिसले की."

सासरे होते तेव्हा मी गावी तापानं फणफणले असतानाही, त्यांची चाहूल लागली की उठून बसत असे. ते "पडून राहा" म्हणायचे आणि मी बसूनच राहायची. ते कुणी शिकवलं नव्हतं आणि त्यात त्रास आहे असंही कधी वाटलं नव्हतं. जावयासमोर सासू आडवी होत नाही, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण आई म्हणजे माझी आई, ती कुणाची सासूही आहे हे माझ्या मापात आलंच नाही. उंची, लांबी, फोम, कापड सगळं बघितलं आणि सोफा ठेवला तो नवऱ्याच्या वाटेत. खोलीच्या दारातून सोफा आत जाणार नव्हता. आणि आमच्या पलंगावर झोप असं तिला सांगणं म्हणजे तिचा अपमान झाला असता. नवऱ्याला मित्राकडे पाठवलं तर, माझ्यापायी जावयाला घराबाहेर काढलं म्हणून ती त्याच पावली लातूरला निघाली असती. मला रडू आलं, आणि राग आला तो तिच्यापेक्षा स्वतःचा जास्त.

घरी आलो तर नवरा कामावर गेला होता. जेवण झाल्यावर मी दाराला आतून कडी लावली.

"ते सहाच्या आत येत नाहीत. घटकाभर पड."

तिनं कडीकडे पाहिलं. मग खिडकीचा पडदा स्वतः ओढला, पदर बाजूला केला, पाय वर घेतले. "साडेतीनला उठव, चारची गाडी हाय," म्हणाली, आणि माझं "हो" पुरतं ऐकायच्या आत झोपली. तोंड किंचित उघडं, एक हात डोक्याखाली. मी समोरच्या खुर्चीत वह्या घेऊन बसले. दोन-तीन तपासल्या असतील. आई इतकी लहान आहे हे मला माहीत नव्हतं. आडवं झालेलं मी तिला लग्नानंतर पाहिलंच नव्हतं.

साडेतीन वाजले. मी उठवलं नाही. साडेचारला वाटलं, उठल्यावर चिडेल. तरी उठवलं नाही.

सहाला जिन्यात नवऱ्याची पावलं ऐकू आली. मी धावत जाऊन, त्यानं बेल वाजवायच्या आत, दार हातभर उघडलं. "झोपलीय," एवढंच म्हटलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं, आत पाहायला मान वळवली नाही, आणि जेवणाच्या डब्याची पिशवी घेऊन दोन पायऱ्या उतरून बसला. मी दार ओढून घेतलं. शेजारच्या काकूंनी वर येताना त्याला विचारलेलं मला दाराआडून ऐकू आलं. "किल्ली हरवली," तो म्हणाला. "अन् बायको?" "ती बाजारात गेलीय."

आई जागी झाली तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती. ताडकन उठून बसली. पहिला प्रश्न, "जावई?"

"यायचेत अजून."

तिनं तोंड धुतलं, केस सारखे केले, पदर घेतला, कप्पा स्वतः आत ढकलला. मग मी दार उघडलं. तो आत आला, कचेरीतून आत्ताच आल्यासारखा, आणि विचारलं, "मामी, कसं हाय आता?"

"बरं हाय," ती म्हणाली.

गाडी गेलीच होती. त्या रात्री नवऱ्यानं पाण्याचा तांब्या खोलीत नेला आणि सकाळ होईपर्यंत बाहेर आला नाही. ती आडवी झाली का बसून राहिली, ते मी विचारलं नाही. पहाटेच्या गाडीला सोडायला मी गेले. खिडकीतून तिनं माझा हात धरला. "तू उठवलं न्हाईस," ती म्हणाली. मी म्हटलं, नाही उठवलं. गाडी हलेपर्यंत तिनं हात सोडला नाही.

पंधरा दिवसांनी तिचा फोन आला. पोरी, दूधवाला, पाणी, सगळं सांगून झालं. सोमवारी येते म्हणाली, पहाटेच्या गाडीनं. मग सहज विचारल्यासारखं म्हणाली,

"जावयांची ड्युटी किती वाजेपर्यंत असते गं सोमवारी?"