धनजचा मच्छीमार

खासदाराच्या ऑफिसात टायपिस्ट म्हणून पाच-सहा वर्षं काढली की किस्से शोधावे लागत नाहीत, तेच येऊन समोरच्या बाकावर बसतात. कोणाला बदली हवी असते, कोणाला एसटीचा थांबा, कोणाला शेजाऱ्याचा बंदोबस्त! मित्रमंडळी जमली की म्हणतात, "वानखडे, एखादा होऊन जाऊ दे." मी सांगतोही. पण माझे सगळ्यात चांगले किस्से एकाच प्रकरणातले आहेत. आज ते सांगताना मी हसतो. तेव्हा मात्र पोस्टमनच्या सायकलची घंटी ऐकली तरी मी मागच्या खोलीत जायचो.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. वाशीमला आमच्या खासदारांचं ऑफिस म्हणजे दोन खोल्या, एक टाइपरायटर आणि एक जीप. खासदारांना सगळे भाऊसाहेब म्हणत. गोविंदराव त्यांचे पीए, आणि मी टायपिस्ट. तिघांपैकी एकानंही तोवर समुद्र पाहिलेला नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो.

*

कारंज्याकडच्या धनजचा प्रल्हाद हा ऑइल इंजिनचा मेकॅनिक. विहिरीवरचं बिघडलेलं इंजिन नुसतं चालू करायला लावून आवाजावरून दुखणं सांगायचा. कोणाच्या तरी ओळखीनं तो मुंबईला गेला, तिथून एका बोटमालकानं त्याला गुजरातच्या किनाऱ्यावर नेलं. बोटीतही शेवटी इंजिनच असतं! विहिरीच्या काठावरचा माणूस असा थेट समुद्रात पोचला.

एका सोमवारी त्याची आई गयाबाई दोन बसा बदलून ऑफिसात आली. "जयभीम, बापू" म्हणाली आणि पदराच्या गाठीतून पत्र काढून माझ्यापुढे ठेवलं. पत्र बोटमालकाचं. बोट मासे धरता धरता हद्दीपलीकडे गेली, शेजारच्या देशाच्या गस्ती जहाजानं ती पकडली, आणि सहाही जण तिकडच्या तुरुंगात आहेत!

मी वाचून दाखवलं. बाईनं पत्र परत पदराच्या गाठीत बांधलं. मग भाऊसाहेबांना म्हणाली, "साहेब, हद्द म्हंजे वावराचा बांध, धुराच ना? मंग माह्या पोराले तो दिसला कसा नाही?"

"मावशी, पाण्यात धुरा नसतो."

"मंग धरलं कायच्यावरून?"

 संसदेत भल्याभल्यांना न घाबरणारा माणूस, पण त्या बाईपुढून उठून बाहेर जीपपाशी गेला!

*

मग आम्ही अर्ज केला. माझ्या आयुष्यातला सगळ्यात झकास अर्ज!

गोविंदराव आणि मी दोन तास डोकं लावलं. पलीकडच्यांचा आरोप काय? आमच्या पाण्यातले मासे मारले. बरोबर? मग आपण काय सिद्ध करायचं? की प्रल्हादनं मासे मारलेच नाहीत! मी टाइप केलं: 'सदर इसम मच्छीमार नाही. त्यास मासेमारीचे काहीही ज्ञान नाही. त्याने आयुष्यात एकही मासा पकडलेला नाही.'

गोविंदराव खूष! "वानखडे, तू वकील व्हाले पाह्यजे होता!" त्यांनी चहा मागवला. भाऊसाहेबांनी सही ठोकली. अर्ज रजिस्टर पोस्टानं दिल्लीला गेला, आणि तिथल्या मंत्रालयानं तो जसाच्या तसा पलीकडे धाडला.

त्यानंतर गयाबाई दर सोमवारी यायची. दाराशी चप्पल काढायची आणि विचारायची, "आलं का बापू काई?" मी मान हलवायचो. ती परतीच्या बसपर्यंत तिथंच जमिनीवर बसायची. सोमवार उजाडला की माझ्या बायकोला कळायचं, आज डबा अर्धा परत येणार.

*

भाऊसाहेबांनी आता संसदेत प्रश्न विचारायचं ठरवलं. त्यासाठी शाळेतून नकाशांचं पुस्तक आणलं. त्यात कळलं की देशाची हद्द किनाऱ्यापासून समुद्रात बारा मैल.

"बारा मैल म्हंजे किती, गोविंदराव?"

"असंन वाशीम ते मालेगाव."

"काढा जीप!"

आम्ही निघालो. आमचं वाशीमजवळचं मालेगाव आल्याबरोबर भाऊसाहेबांनी जीप थांबवली, बाजारपेठेत भर रस्त्यात उतरले, काठीनं धुळीत आडवी रेघ ओढली आणि मोठ्यानं म्हणाले, "वाशीमले किनारा धरला, तं अठी देश संपला!"

 एक कापडवाला धावत बाहेर आला. "साहेब, मंग आमी कोन्या देशात?"

 भाऊसाहेब रेघेकडेच बघत होते. तेवढ्यात एसटी आली आणि रेघेवरून निघून गेली. भाऊसाहेब खाली बसले आणि चाकाखाली पुसलेली रेघ मला बोटानं दाखवली.  पुढे मालेगावात चार दिवस अफवा होती की गाव दुसऱ्या राज्याला जोडणार आहेत!

*

गावोगावी बोंब सुरू झाली ती वेगळीच. आपला खासदार रस्ते सोडून मासे विचारून राह्यला! आसेगावच्या सभेत एक शेतकरी उभा राहिला. "साहेब, आमच्या गावात प्यायले पानी नाही, अन् तुमाले समुद्राचं काहून पडलं?"

सभा हसली. तिकीट पुन्हा मिळायचं की नाही ते अशाच सभांवर ठरतं, त्यामुळे गोविंदराव खुणा करत होते की विषय बदला. भाऊसाहेब म्हणाले, "तुह्या पोराले शेजारच्या गाववाल्यानं डांबून ठेवलं, तं मी काय म्हनू? आदी रस्ता होऊ दे, मंग सोडवतो?"

शेतकरी खाली बसला. टाळ्या मात्र पडल्या नाहीत. गोविंदराव गाडीत मला हळूच म्हणाले, "गेलं तिकीट!"

*

संसदेतला दिवस मी पाहिला नाही. गोविंदराव गॅलरीत बसले होते, त्यांनी येऊन सांगितलं.

भाऊसाहेब त्यांच्या वऱ्हाडी हिंदीत म्हणाले, "परदेशी कंपन्यांचे मोठे ट्रॉलर आपल्या बारा मैलांत येऊन मासे उपसून नेतात, त्यांना कोणी अडवत नाही. आणि आपला गरीब माणूस चुकून पलीकडे गेला तर वर्षभर तुरुंगात! हे कसलं मत्स्यधोरण? बोटीवर वायरलेस नाही, कामगाराकडे ओळखपत्र नाही, हद्दीवर दिवा नाही. सार्वभौमत्व म्हणजे नुसता नकाशा नव्हे. आपला माणूस परत मागण्याची ताकद म्हणजे सार्वभौमत्व!"

विरोधकांनीही बाकं वाजवली म्हणे.

मग मंत्री उठले. "पाच मच्छीमार सोडायला तो देश तयार आहे. सहावा मात्र मच्छीमार नसल्याचं त्यांचं म्हणणं आहे. समुद्र नसलेल्या जिल्ह्यातला हा माणूस बोटीवर काय करत होता, असं ते विचारतात. त्यांना हेरगिरीचा संशय आहे. आणि पुरावा म्हणून त्यांनी माननीय सदस्यांचाच अर्ज जोडला आहे!"

 भाऊसाहेबांनी म्हणे हातातले कागद घडी घालून खिशात ठेवले. मग म्हणाले, "अध्यक्ष महोदय, गलती हमारी है। हमारे पूरे ऑफिस ने समुंदर नहीं देखा।"

गोविंदराव हे सांगत होते आणि मी फाइलमधून त्या अर्जाची कार्बन कॉपी काढून वाचत होतो. माणूस सोडवायला बसलो आणि त्याला हेर करून ठेवलं! त्या आठवड्यात मी एकही ओळ धड टाइप केली नाही.

*

सोमवारी गयाबाई आली. भाऊसाहेब दिल्लीत, गोविंदराव बाहेर. सांगायचं मलाच होतं. मी सगळं सांगितलं, अर्ज कोणी लिहिला तेही सांगितलं. वाटलं, आता ही बाई मला शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

ती म्हणाली, "बापू, मी बी तेच सांगतलं असतं. माह्या पोरानं खरंच कदी मासा नाही धरला."

मग तिनं टाइपरायटरवर बोट ठेवलं. "यानं लिवलेलं खोडता येते का रे?"

*

खोडायचा एकच मार्ग होता. प्रल्हाद मच्छीमारच आहे, अशी सरकारी चौकशी! त्यासाठी एक अधिकारी धनजला आले, सोबत गोविंदराव आणि मी. गावानं दोन दिवसांत तयारी केली होती. कारंज्याच्या तलावावरच्या एका भोयाकडून जाळं आणून ते गयाबाईच्या घरावर वाळत घातलं होतं. वास्तविक धनजला आल्यापासून ते ओलं झालंच नव्हतं!

अधिकाऱ्यांनी सरपंचांना विचारलं, "नदी कुठे आहे?"

"हाये ना साहेब, पावसाळ्यात."

"आणि एरवी हे जाळं?"

सरपंच गडबडले. "एरवी... पाखरायले लावतो!"

 साहेबांनी पेनाला टोपण लावलं. आटोपलं सगळं! तेवढ्यात गयाबाई पुढे आली. "साहेब, हे जाळं आमचं नाही. उसनं आनलं. मी खरं सांगतो. माह्या पोराले मासा धरता येत नाही."

गोविंदरावांनी डोळे मिटले.

"पन मले एक सांगा. मोटेवर बैल हाकलते तो मानूस शेतकरी का नाही? त्यानं कुठी पेरलं, कुठी कापलं? नुसतं पानी काढते. तरी त्याले शेतकरीच म्हंता ना तुमी? मंग बोटीचं इंजिन हाकलते त्याले काय म्हनान?"

 साहेबांनी टोपण काढलं आणि लिहिलं: मच्छीमार.

*

त्या चौकशीनंतर सात महिन्यांनी प्रल्हाद सुटला. आधी तार आली, मग तो स्वतः. वाळून काडी झाला होता. दोघं मायलेक ऑफिसात आली, मी पेढे आणले. गयाबाई इतक्या सोमवारांनंतर पहिल्यांदा खुर्चीवर टेकली. प्रल्हाद कपड्यांची पिशवी पायाशी ठेवून उभाच.

भाऊसाहेब भरून आले होते. "प्रल्हाद, मी बोलून ठेवलं हाये. पानीपुरवठ्याच्या पंपावर ऑपरेटरची जागा. उद्याच लाग."

प्रल्हाद खाली बघत म्हणाला, "साहेब, बोट तं त्यायनं ठेवून घेतली. मालकानं दुसरी घेतली. तिचं इंजिन कोनालेच बसवता येऊन नाही राह्यलं. मी येतो म्हनून त्याले लिवलं."

 गयाबाई खुर्चीवरून उठली. तिनं पोराच्या पायाजवळची पिशवी ओढली, भिंतीपाशी नेली आणि तिच्यावर बसली.

भाऊसाहेब म्हणाले, "मावशी, खुर्ची हाये ना."

"असू द्या," गयाबाई म्हणाली. "मी अठीच बरी हाये."